मुठीचं माप

बावीस वर्षं मी शहापूरच्या मोजणी कार्यालयात काढली. हातभर जमीन इकडे की तिकडे, यावरून सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मी रोज बघत आले. त्यामुळे माप या गोष्टीवर माझी फार श्रद्धा. आणि नेमक्या माझ्याच घरी कामाला आलेल्या मिस्त्रींनी, मी टेप पुढे केल्यावर, विंचू दिसावा तसा पाय मागे घेतला.

"ठेवा त्ये, ठेवा," ते म्हणाले. "टेपनं भिंत मोजतात. मला भिंतीशी काय करायचं हाय? मला मावशीचं माप पायजे."

"मग लिहून घ्या. पाच फूट एक इंच."

"ती लांबी झाली, ताय. माप नाय झालं."

"मग माप कशाला म्हणायचं?"

"मुठीला," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून आईसमोर जमिनीवर बसले.

मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात त्यांना सगळे मूठवाले म्हणत. मुरबाडच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. साठीचे असतील. बुटके, रुंद मनगटांचे. पांढऱ्याशिवाय दुसऱ्या रंगाचा शर्ट मी त्यांच्या अंगात पाहिला नाही, आणि त्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम गेरूचा खडा. सुतार कानाला पेन्सिल लावतो, हे खिशात गेरू ठेवायचे. साहजिकच प्रत्येक शर्टाला छातीवर एक लाल डाग होता. बायकोने म्हणे धुवायचं कधीच सोडून दिलं होतं. ते सुतार होते, गवंडीकामही करत, पण विचारलं तर सांगायचे, "आमी धरायचं काम करतो." म्हणजे म्हाताऱ्या, अधू, आजारातून उठलेल्या माणसांना घरात धरायला काही ना काही करून द्यायचं. कठडे, मुठी, उतार, बसायचे कट्टे.

आम्हाला त्यांची गरज पडली ती आईमुळे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आई मागच्या दारात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं, रॉड बसला, वॉकर आला, मग वॉकरची काठी झाली. डॉक्टरांच्या दृष्टीने आई बरी झाली. आमच्या घराच्या दृष्टीने नाही. सापगावचं हे घर बाबांनी लागेल तसं वाढवत नेलेलं. एका खोलीतून दुसरीत जाताना कुठे चढायचं, कुठे उतरायचं. पाच उंबरे, तीन पायऱ्या, गुळगुळीत लाद्या, आणि न्हाणीचं दार इतकं अरुंद की आत शिरताना अंग चोरावं लागायचं.

मी साडेनऊला ऑफिसात जायची ती सहाला यायची. दुपारी शेजारीण येऊन जेवण गरम करून द्यायची. आईच्या उशाशी मी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. तो तांब्या संध्याकाळी भरलेलाच असतो, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. दिवसभर ती घोटभरही पाणी पीत नव्हती. प्यायली तर न्हाणीत जावं लागेल, आणि न्हाणीत न्यायला कोणी नाही. शेजारणीला ती सांगणार नव्हती. आई तीस वर्षं गावची शिवणबाई. शेजारीण तिच्याच हाताखाली काजं करायला शिकलेली. तिला, मला संडासला ने, असं म्हणायचं?

"तहानच लागत नाय गो मला हल्ली," ती म्हणाली. खोटं बोलताना आई पदराचं टोक सारखं करत बसते. तेव्हाही करत होती. मला त्या दिवशी माझी स्वतःची इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

दादाचा वाशिंदला फ्लॅट आहे. चौथा मजला, लिफ्ट, मोठं बाथरूम, घरात वहिनी. त्याने जाहीर करून टाकलं, "भाऊबीजेला येतो तेव्हा आईला घेऊनच जातो. तू नोकरी करणार की हिला धरून बसणार?" दादा वाईट नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. आई एवढंच म्हणाली, "न्या हो." आणि दुसऱ्या दिवशी तिने आपली विळी शेजारणीला देऊन टाकली. मला काय करायचीय आता, म्हणाली. ती विळी तिच्या लग्नातली. त्या विळीला तिने घरात कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

दादाने मधल्या काळासाठी म्हणून पॅसेजमध्ये स्टीलचा कठडा ठोकून घेतला होता. चकचकीत, जाडजूड. आईच्या मुठीत तो अर्धाही मावेना. सकाळी गार इतका की हात लावला की ती सोडूनच द्यायची. शेवटी त्याच्यावर पातळं वाळत पडायला लागली. मग आमच्या ऑफिसातल्या मुरबाडच्या शिपायाने मला मूठवाल्यांबद्दल सांगितलं.

ते पहिल्या दिवशी आले ते किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने. स्टीलचा कठडा बघितला, वरचं पातळ चिमटीत धरून बघितलं, म्हणाले, "वाळतात बरी." मग तो टेपचा प्रकार झाला, आणि आईसमोर बसून त्यांनी स्वतःचा हात पुढे केला.

"मावशे, मनगट धरा माझं. पडताय असं समजून धरा."

"मी कशाला पडू?" आई म्हणाली.

"बरं, मंग जावयाचा कान धरलाय असं समजा."

"जावई नाय मला. हिने लग्न केलंय कुठं!"

"मंग ह्या तायचा धरलाय समजा."

हे मात्र आईला जमलं. तिने असं काही मनगट आवळलं की मिस्त्रींनी डोळेच मिटले. बराच वेळ ते तसेच बसले. आईने हात काढला तेव्हा त्यांच्या मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा उमटले होते. खिशातून गेरू काढून त्यांनी ती पाची बोटं स्वतःच्या हातावर आखून घेतली. मापाच्या खुणेसाठी मनगटाला आधीच दोन दोरे बांधलेले होते. कितव्या दोऱ्यापासून बोटं सुरू होतात तेही बघून घेतलं. झालं माप.

"आठ दिसांनी येतो. घर हाय तसं ठेवा. काय काय करू नका," असं बजावून ते गेले. शिपायाने नंतर सांगितलं, त्या दिवशी एसटीत ते मुरबाडपर्यंत एक हात वर धरून उभे होते. कंडक्टर बसा म्हणाला तरी बसले नाहीत. धक्का लागून मावशीची मूठ पुसली जाईल, म्हणाले.

आता माझा शहाणपणा. काय काय करू नका याचा अर्थ मी असा लावला की सामान हलवू नका. पण घरात बाहेरचा माणूस कामाला येणार, दिवाळी तोंडावर, आणि पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला हा असा काळा, तेलकट पट्टा. आई भिंत धरधरून चालायची ना! मला तो पट्टा रोज खुपायचा. मी रंगारी बोलावला आणि दोन दिवसांत सगळं घर क्रीम रंगात काढून घेतलं. मिस्त्री येतील तेव्हा घर कसं छान दिसेल, म्हणून वाट बघत बसले.

मिस्त्री आले. पाठीवर भलं मोठं पोतं. दारातून आत पाऊल टाकलं, भिंत बघितली, पोतं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावरच बसले.

"काय झालं मिस्त्री?"

"नकाशा पुसलात, ताय."

"कसला नकाशा?"

"मावशी एवढे दिस जिथं जिथं हात टेकत होती तिथं भिंत काळी पडली होती. कुठं तोल जातो, कुठं दम लागतो, कुठं वळताना हात खाली येतो, सगळं लिवलेलं होतं. मी आज त्येच वाचायला आलो." ते भिंतीकडे बघत राहिले. "तुमच्या हापिसातल्या नकाशावर कोणी चुना फासला, तं काय कराल तुमी?"

मी निलंबित करेन. पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. एवढ्यात पलंगावरून आवाज आला. आई हसत होती. पडल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडात कोंबून, अंग गदागदा हलवत हसत होती.

"सांगत होते हिला, रंग कशाला! ऐकते कोणाचं? मोजणीवाली ना!"

तिच्या हसण्याने मिस्त्रीही वितळले. ते उठले, माझ्याकडे एक जुनी वाटी मागितली, खिशातला गेरू त्यात खलला आणि आईपुढे धरली. "मावशे, बुडवा हात. परत लिवा."

माझी ताजी, क्रीम रंगाची भिंत! पण बोलणार कोणत्या तोंडाने?

तीन दिवस आमच्या घरात तो खेळ चालला. आई एका हातात काठी घेऊन, दुसऱ्याचा लाल पंजा भिंतीवर उमटवत चालायची. तिच्या मागे दोन हातांच्या अंतरावर मिस्त्री. त्यांनी स्वतःचा उजवा पाय गुडघ्यात वाकू नये म्हणून पंच्याने एका फळीला बांधून घेतला होता. प्रत्येक कामात ते तसंच करत. ज्याचा पाय गेला त्याच्यासारखा पाय बांधायचा, ज्याची नजर गेली त्याच्यासारखे डोळे बांधायचे, आणि मग त्या घरात दिवसभर वावरायचं. म्हणायचे, "दोन पायांवरून घर दिसत नाय, ताय. त्ये एका पायावरून दिसतं." आमच्या न्हाणीच्या दाराशी ते दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा भारी खूश झाले.

"डॉक्टरनं शिकवलंय तसं चालू नका," ते आईला सांगायचे. "कोणी बघत नाय तवा चालता तसं चाला."

आईला ते भलतंच आवडलं. आधी संकोचाने बोटं टेकवणारी आई दुसऱ्या दिवशी रंगात आली. बायका बघायला जमल्या. संध्याकाळी मी घरी आले तर फ्रिजवरही पंजा.

"फ्रिज कोण धरतं?" मी विचारलं.

"हौस," आई म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी मिस्त्रींनी मला सगळं घर वाचून दाखवलं. इथे हात वर आहे, म्हणजे ताजी आहे. इथे दोन पंजे जवळजवळ, म्हणजे थांबली. इथे पंजा घसरलाय, म्हणजे लादी वाईट. असं करत आम्ही पुढच्या खोलीच्या खिडकीशी आलो, आणि तिथे मी बघतच राहिले. खिडकीच्या चौकटीलगत पंज्यांवर पंजे. एवढे की नुसता लाल डाग झालेला.

"इथं काय हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

तिथून रस्ता दिसतो. शहापूरहून येणाऱ्या रिक्षा जिथे थांबतात तो फाटा दिसतो. मी उतरते तो. साडेपाचपासून आई इथे येऊन उभी राहत होती, आणि रिक्षा थांबली की मी दारात पोचायच्या आत भिंत धरधरत परत पलंगावर जाऊन बसत होती. मला वाटायचं, आई दिवसभर पडून असते. मी भिंतीला टेकले आणि लहान मुलीसारखी रडले. गेरू माझ्या ड्रेसला लागला.

मिस्त्रींनी रडू दिलं. मग म्हणाले, "हितं पण कठडा लागंल. आन बसायला कट्टा. ही तं रोजची जागा हाय."

मग ते पोतं उघडलं. त्यांच्या कामातली सगळी गंमत त्या पोत्यात असायची. मिस्त्री नवं लाकूड वापरत नसत, स्टील तर नाहीच. गावोगाव फिरून, मुरबाडच्या बाजारात उकिरडे उकरून ते एकच वस्तू जमवायचे: माणसांनी वर्षानुवर्षं हातात धरलेलं लाकूड. कुदळीचे दांडे, जात्याचे खुंटे, नांगराच्या मुठी, पाळण्याच्या दांड्या, मुसळं. हातांनी घासून घासून मऊ झालेली. रंधा लावायची गरज नाही, पॉलिश नाही.

"नवं लाकूड माणसाला वळखत नाय," ते म्हणायचे. "ह्येला हाताची सवय हाय. ह्ये आपणहून धरतं."

पोत्यातल्या दांड्यांवरून मनगट फिरवत, डोळे मिटून, ते आईच्या मुठीचा दांडा शोधायचे. बारीक, जाड, मध्ये किंचित निमुळता. सात कुदळींचे दांडे एकापुढे एक खाचा मारून जोडले आणि पलंगापासून न्हाणीपर्यंत कठडा झाला. तो सरळ नव्हता. पंज्यांच्या मागोमाग वर चढत होता, खाली येत होता. मी लेव्हल ट्यूब लावून बघितली तर दोन टोकांत साडेतीन इंचांचा फरक. मी तो मिस्त्रींना दाखवला.

"मावशी थकते तेवढा," ते म्हणाले.

उंबरे गेले, त्यांच्या जागी विटांचा चुरा आणि चुना यांचे उतार आले. गुळगुळीत लाद्या काढून अंगणातलेच खरबरीत दगड न्हाणीत बसले. न्हाणीचं दार रुंद झालं आणि आत उघडायचं ते बाहेर उघडायला लागलं. "आत पडलेलं माणूस दारालाच आडवं होतं. मंग तुमी भाईरून ढकलत बसाल," असं ते म्हणाले आणि मला तीन महिन्यांत हे सुचलं नव्हतं. काढलेल्या लाद्यांचे तुकडे करून खिडकीच्या कट्ट्यावर बसवले. घराबाहेर टाकायला एक घमेलंसुद्धा राडारोडा उरला नाही, याचा त्यांना कामापेक्षा जास्त अभिमान.

भांडण झालं ते मुसळावरून. न्हाणीत उठताबसताना धरायला त्यांनी एक काळंभोर, सुंदर मुसळ निवडलं होतं. आई काठी आपटत उठली.

"मुसळ? न्हाणीत? लग्नात हळद फोडतात त्याने! माझ्या घरात चालणार नाय."

"मावशे, तुमी एकट्या न्हाणीत जाणार. कोणाला हाक मारायला लागणार नाय. तुमची लाज राखायला आलंय त्ये. त्याला कसला आलाय इटाळ?"

आई मुसळ मांडीवर घेऊन बसली, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "बसवा. पण आधी नारळ." न्हाणीत नारळ फोडलेलं शहापूर तालुक्यातलं आमचं बहुधा एकमेव घर.

या मुसळाची आधीची हकिकत मला नंतर कळली. मिस्त्री हे सगळं उसनं द्यायचे. गरज संपली की स्वतः येऊन काढून न्यायचे. ते मुसळ त्याआधी सरळगावच्या एका आजोबांकडे होतं. आजोबा बरे झाले, मिस्त्री गेले, मुसळ काढलं, पिशवीत घातलं आणि निघाले. आजोबांचा जीव मुसळावर जडलेला. ते ओरडत मागे लागले. मिस्त्री पुढे, आजोबा मागे, असे दोघे वेशीपर्यंत. तिथे मिस्त्री वळून म्हणाले, "पळतोस की रे बाबा! मंग तुला कशाला पायजे?" आजोबांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं, म्हणे, आणि मग दोघंही तिथेच रस्त्यात बसून हसले.

त्यांना मोबाइलवर कोणी गाठू शकत नसे. वाजला तर उचलून "मी कामावर हाय, घरी येन तवा कर" म्हणून ठेवायचे, आणि घरी फोन बंद. कोणाचं कौतुक करायचं तर पाठीवर थाप नाही, मनगट दाबायचे. जाताना माझंही दाबलं होतं एकदा. दोन दिवस दुखत होतं.

भाऊबीजेच्या सकाळी खिडकीजवळची शेवटची मूठ बसली. ती पाळण्याच्या दांडीची होती. दादा अकराला येणार होता. फोनवर त्याने विचारलंही, "आईच्या बॅगा भरल्यास ना?" मी भरल्या नव्हत्या आणि नाही असंही म्हणाले नव्हते. मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. ते हत्यारं आवरत होते. हात धुतले आणि मला म्हणाले, "ताय, भाईर चला."

"का?"

"चला तं. मावशे, आतून कडी लावा आन पलंगावर जाऊन बसा."

आईने आमच्यामागे कडी लावली. आम्ही दोघं ओट्यावर उभे. तेवढ्यात दादाची गाडी आली. मागची सीट त्याने आधीच मोकळी करून वर गादी अंथरली होती. आईचे पाय लांब राहावेत म्हणून.

"बाहेर का उभी? आई कुठाय?"

"आत."

"एकटी? आणि दार लावून? वेड लागलंय का तुम्हाला!"

मिस्त्रींनी पुढे होऊन बेल वाजवली. आत कुठेतरी काठी टेकल्याचा आवाज आला. दादा दाराला कान लावून उभा. काठी. मग लाकडावरून तळहात सरकत गेल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"ती पडली असेल," दादा म्हणाला आणि त्याने बेलवर बोट दाबून धरलं. मला त्याचा हात ओढावासा वाटत होता. मिस्त्री मात्र ओट्याच्या कडेला खाली बसून पायातला काटा काढत होते.

पुन्हा काठी. तळहात. काठी. आता अगदी जवळ. कडी खाली पडली.

दार उघडलं. आईने नवं पातळ नेसलं होतं. केसही विंचरलेले. एक हात चौकटीजवळच्या मुठीवर, कपाळाला आठी. तिने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, अजून बेलवरच राहिलेल्या त्याच्या बोटाकडे बघितलं.

"एकदा वाजवली की पुरे," ती म्हणाली. "घरात माणूस आहे."